पंधरा हजार किलोमीटर लांबची बहीण

अनेझिनाने जन्मात कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं, पण अथेन्सपासून मेलबर्नपर्यंतचं अंतर तिला प्रार्थनेसारखं पाठ होतं. पंधरा हजार किलोमीटर. मध्ये वाळवंटातल्या कुठल्याशा विमानतळावर उतरायचं, तिथे पाय सुजेपर्यंत बसायचं, मग दुसरं विमान धरायचं. घरातून निघून घरात शिरेपर्यंत अख्खा दिवस आणि अख्खी रात्र जाते. ही सगळी माहिती तिला धाकट्या बहिणीने, रोदांथीने, दर खेपेला नव्याने दिली होती, आणि दर खेपेला ऐकणाऱ्या बायकांनी गालाला हात लावला होता.

रोदांथी लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा कोवळी पोर होती. अनेझिना बेटावरच राहिली. झानिस कोळ्याशी तिचं लग्न झालं, सासर आणि माहेर एकाच गल्लीत. म्हाताऱ्या आईचं जेवणखाण, औषधपाणी, वर्षाला भिंतींना चुना, सगळं तिच्याकडे आलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिची तक्रार होती ती अंतराबद्दल. रोज आईकडे जाणारीला कुणी ‘आलीस का’ म्हणूनही विचारत नव्हतं, आणि तीन-चार वर्षांतून एकदा येणारीसाठी बंदरावर निम्मं गाव उभं राहत होतं. ‘किती लांबून आली गं बाई’, एवढं एक वाक्य पुरायचं. जणू विमान हिनेच वल्हवत आणलं होतं.

आईने तर स्वयंपाकघरात दोन घड्याळं लावली होती. एक इथलं, एक मेलबर्नचं. उन्हाळ्या-हिवाळ्याला इकडची वेळ बदले तशी तिकडची उलटी बदले, म्हणून दोन्हींतला फरक कधी सात तासांचा, कधी नऊ तासांचा. स्टुलावर चढून काटे फिरवायचं काम अर्थातच अनेझिनाचं. दुपारी चारला ती भांडी घासायला बसली की आई पलंगावरून म्हणायची,

“हळू गं. आत्ता रोदांथी झोपली असेल.”

“तिला ऐकू जातंय का आई इथलं?”

“तुझं आपलं काहीतरीच. हळू घास म्हटलं.”

आई गेली त्या दिवशीही अनेझिनाच्या हातात पाण्याचा पेला होता आणि आईचे डोळे त्या दुसऱ्या घड्याळावर होते. ही गोष्ट अनेझिनाने पापा-याकोवोसला, म्हणजे गावच्या पाद्रीबाबांना, पापकबुली देताना एकदाच सांगितली होती. त्यांनी विचारलं, “मत्सर वाटतो?” ती म्हणाली, “वाटतो.” त्यांनी नेमाने करायची एक प्रार्थना दिली. तिने ती केली. मत्सर जिथल्या तिथे राहिला.

तर गोष्ट संत आन्नाच्या तसबिरीची आहे.

गावाखालच्या खडकावर, अगदी समुद्राच्या तोंडावर, संत आन्नाचं छोटं चर्च आहे. तिची तसबीर मात्र चर्चमध्ये राहत नाही. वर्षभर ती कुणातरी गावकऱ्याच्या घरी असते. त्या घरात तिच्यापुढे अखंड दिवा असतो, दार कुणालाही उघडं असतं, आणि येईल त्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवावं लागतं. जुलैमध्ये सणाच्या आदल्या संध्याकाळी त्या घरचे लोक तसबीर चर्चमध्ये नेतात, सगळ्या गावाला जेवू घालतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या घराच्या हाती जाते. घेणाऱ्याने ती स्वतःच्याच हातांनी घ्यायची. दुसऱ्याला पाठवून, निरोप धाडून चालत नाही. आणि घेताना नावं उच्चारायची, आपल्या घरच्यांची, ज्यांच्यावर जीव आहे त्यांची. त्या सकाळी जी नावं तोंडून निघतील तीच मग वर्षभर रोज दिवेलागणीला तिच्यापुढे घ्यायची. त्यांत नंतर भर घालता येते, भर घातलेलं नाव थांबवताही येतं; त्या सकाळचं मात्र एकही वगळता येत नाही.

अनेझिनाचा नंबर लागायला कित्येक वर्षं गेली होती. कधी आईचं आजारपण आडवं आलं, कधी झानिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन. यंदा तसबीर सोफूला नावाच्या शेजारणीकडे होती आणि तिच्यानंतर अनेझिनाच, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिने बाहेरच्या खोलीत कोनाडा करून घेतला होता, त्यावर लेस विणून घातली होती, सब्ज्याच्या दोन कुंड्या वाढवल्या होत्या.

आणि मे महिन्यात पापा-याकोवोस घरी आले. कॉफी झाली. ते दाढी कुरवाळत बसले तेव्हाच तिने ओळखलं, काहीतरी नको ते येणार.

“रोदांथीचा फोन आला होता,” ते म्हणाले.

“मला नाही आला.”

“तिला नातू झाला ना, स्तामातिस. दिवस भरायच्या आधीच झाला, काचेच्या पेटीत होतं पोर. तेव्हा तिने नवस बोललाय. पोर वाचलं तर संत आन्नाला वर्षभर घरी ठेवीन.”

“कुठल्या घरी? मेलबर्नला?”

“तुमच्या आईच्या घरी. ती सणाला येतेय. महिनाभर राहील.”

“आणि बाकीचे अकरा महिने?”

पाद्रीबाबांनी कॉफीच्या रिकाम्या पेल्यात पाहिलं. “किल्ली तुझ्याकडेच असते की.”

अनेझिनाने मनात हिशेब मांडला. म्हणजे तसबीर रोदांथीची, नवस रोदांथीचा, गाव म्हणणार रोदांथीने संत आन्ना ठेवली, आणि रोज संध्याकाळी तेल घालायला जाणार अनेझिना.

“एवढ्या लांबून येतेय बिचारी,” पापा-याकोवोस म्हणाले. “तू इथेच आहेस. पुढच्या वर्षी घे.”

“घेते की, पाद्रीबाबा,” ती म्हणाली, आणि त्यांच्या पुढ्यात आणखी एक बिस्किट ठेवलं. ते गेल्यावर तिने झानिसला एवढंच विचारलं, “मी पण कुठे लांब जाऊन राहू का रे?”

“जा,” जाळं विणता विणता झानिस म्हणाला. “पण जेवण करून ठेव.”

जुलै आला. रोदांथीने फोनवर आपला सगळा बेत सांगितला. आदल्या दिवशी सकाळी विमान अथेन्सला उतरणार, तिथून टॅक्सीने पिरेयसच्या बंदरात, दुपारची बोट, दिवेलागणीला बेटावर, सामान टाकून थेट चर्च.

“एक दिवस हाताशी ठेव,” अनेझिना म्हणाली. हे मात्र ती खरंच चांगल्या मनाने म्हणाली होती. “वारा असतो या दिवसांत.”

“अगं, पंधरा हजार किलोमीटरला माझं विमान पाच मिनिटं इकडचं तिकडे होत नाही. वाऱ्याचं काय घेऊन बसलीस?”

इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर माणूस असं बोलतं. इथला कुणीही जुलैत बोटीच्या भरवशावर सण ठरवत नाही. अनेझिनाने दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

सणाला तीन दिवस होते तेव्हा उत्तरेचा वारा सुटला. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या चादरी दोरीवर आडव्या झाल्या. अनेझिना सोफूलाकडे पाव मळायला गेली होती. बाकीच्या बायका अंगणात चणे निवडत होत्या, खोलीत ती आणि तसबीर दोघीच. संत आन्नाच्या मांडीवर तिची लहानगी मरिया होती, नेहमीसारखी. खिडकीची झडप धाडधाड आपटत होती. अनेझिनाने हाताचं पीठ पुसलं, क्रूसाची खूण केली आणि हळूच म्हणाली,

“माउली, मी काही मागत नाही. फक्त वारा आहे तसाच राहू दे.”

वारा तसा राहिला नाही. वाढला.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी झानिस बंदरावरून आला. टोपी टेबलावर टाकून म्हणाला, “वाऱ्याचा जोर नऊवर गेलाय. बंदरवाल्यांनी सगळ्या बोटी बंद केल्यात. आज दोर सुटत नाही कुणाचा.”

“अरे देवा,” अनेझिना म्हणाली. झानिसने तिच्याकडे पाहिलं. ती चटकन चुलीकडे वळली.

दुपारी फोन वाजला. पिरेयसहून रोदांथी बोलत होती. मागे माणसांचा कालवा, कुणाचं तरी पोर रडत होतं.

“मी बॅगेवर बसलेय, अनेझिना. बोट समोर दिसतेय गं. चढू देत नाहीत. पंधरा हजार किलोमीटर आले, आता सव्वाशेसाठी अडकले.”

“बाई गं. काही खाल्लंस का?”

“खाण्याचं काय. तू पाद्रीबाबांना सांग. एक दिवस थांबा म्हणावं. माझ्यासाठी एक दिवस थांबतील ते. तू सांगितलंस तर ऐकतील.”

“सांगते हो.”

आणि तिने सांगितलं, खोटं केलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी चर्चच्या पायरीवर गाठून म्हणाली, “पाद्रीबाबा, रोदांथी म्हणते एक दिवस थांबा. पण तुम्ही तरी कसं थांबवणार? अख्ख्या गावाचा सण. चणे भट्टीत गेलेत, बकऱ्याचं मटण वाइनमध्ये शिजतंय, पाहुणे आलेत. तुमच्यावर कशाला भार.” वाक्य तिने दुपारभर मनात घोळवलं होतं. पापा-याकोवोसनी झग्याचा घोळ वाऱ्यात सावरला.

“खरं आहे तुझं,” ते म्हणाले. “मग उद्या तूच पुढे हो. नंबर तुझाच होता.”

त्या संध्याकाळी जेवणाच्या पंगती बसल्या. लांबच लांब टेबलं, एक पंगत उठली की दुसरी. अनेझिना सोफूलाला मदत म्हणून वाढत होती, आणि उद्या ही मालकीण होणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, चला, एवढ्या वर्षांनी तुझा नंबर लागला बाई. चण्यांचं पातेलं घेऊन ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

“बिचारी रोदांथी. काय वाटत असेल तिला.”

“एवढ्या लांबून येऊन तोंडाशी आलेला घास गेला.”

“माझ्या डोळ्यांत पाणी आलं ऐकून.”

“अनेझिना, थोडा रस्सा घाल गं. बिचारी पिरेयसला काय खात असेल?”

“समुद्राची हवा,” अनेझिना म्हणाली आणि जरा जास्तच रस्सा घातला. त्या बाईच्या मांडीवर सांडला.

सकाळी उपासना संपली. चर्चच्या अंगणात लोक भिंतीला धरून उभे होते, बायकांनी पदर बांधावेत तसे डोक्यावरचे रुमाल गळ्याशी बांधले होते. सोफूलाने तसबीर पापा-याकोवोसच्या हातात दिली, त्यांनी ती अनेझिनापुढे धरली. तसबिरीवरचा चांदीचा पत्रा उन्हात तापला होता. तिने ओठ टेकवले, दोन्ही हातांनी घेतली. वाटलं होतं त्याहून जड होती.

“नावं घे,” पाद्रीबाबा म्हणाले.

“झानिस,” ती म्हणाली. “मुलगा पोथितोस. सून मर्सिनी.” आईचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं. मग बाळ आठवलं, ते काचेच्या पेटीतलं. नवस त्याच्यासाठीच तर होता, त्याला वगळलं तर माउली काय म्हणेल. “स्तामातिस,” ती म्हणाली. गर्दीतून झानिसने खाकरून आठवण दिली, तशी ती म्हणाली, “आणि होडी, ती पण. हागिया.” कोळ्यांच्या घरात होडीचं नाव घेतात. लोक हसले.

पाद्रीबाबा थांबले होते. तिच्या जिभेवर आणखी एक नाव आलं होतं, अगदी दातांपर्यंत. कालच्या पंगतीतल्या सगळ्या जणी समोर उभ्या होत्या, मान कलती करून, ते नाव ऐकायलाच जणू. अनेझिनाने तोंड मिटलं.

“झालं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि बोट आली. निम्मं गाव बंदरावर गेलं. अनेझिना गेली नाही. दिवा नवा होता, वात अजून बसली नव्हती, शिवाय तसबीर घरात असली की घर उघडं टाकून जायचं नसतं. खालून येणारा आवाज तिला ऐकू येत होता, रडणं, हसणं, बॅगेची चाकं दगडांवर. मग रोदांथी दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, केस वाऱ्याने विस्कटलेले. आधी कोनाड्यापुढे जाऊन तिने क्रूसाची खूण केली, तसबिरीवर ओठ टेकवले, बराच वेळ तशीच राहिली. अनेझिनाने रिवाजाप्रमाणे ताटलीत साखरेत मुरवलेलं लिंबू आणि थंड पाणी आणलं. ताटली तिच्यापुढे धरली, परक्या माणसापुढे धरतात तशी.

“माझं नाव घेतलंस?” रोदांथीने विचारलं.

लबाडी करता आली असती. पण तसबिरीसमोर कशी करणार.

“बाळाचं घेतलं.”

“माझं?”

“नाही.”

रोदांथी खुर्चीवर बसली. लिंबाचा तुकडा चमच्यात तसाच राहिला.

“सोफूला सांगत होती वाटेत, होडीचंसुद्धा घेतलंस म्हणून.”

“झानिस खाकरला.”

“होडीचं घेतलंस आणि माझं नाही?”

“होडी रोज इथे असते,” अनेझिना म्हणाली.

रोदांथी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तो लिंबाचा तुकडा तोंडात टाकला, चावला, पाणी प्यायली. “मी असते तर मीही तुझं नसतं घेतलं,” ती म्हणाली. “आईने घर तुझ्या नावावर केलं तेव्हापासून ठरवलं होतं.”

“चुना कोण लावतं त्याला?”

“तूच लावतेस. माहीत आहे मला. म्हणून तर बोलले नाही इतके दिवस.”

अनेझिनाने रिकामी ताटली उचलली. बाहेरून कुणीतरी हाक मारली, “आली का गं आमची लांबची पाहुणी?” आणि बायका आत शिरल्या.

पुढचे दिवस असेच गेले. माणसं तसबिरीला म्हणून येत आणि रोदांथीपाशी बसत. ती आपली कहाणी सांगे, वाळवंटातला विमानतळ, सुजलेले पाय, पिरेयसची बॅग. अनेझिना ताटल्या फिरवत राही. लिंबाची एक बरणी संपली, दुसरी उघडली. एकदा रोदांथी सांगता सांगता थांबली तेव्हा अनेझिना दारातून म्हणाली, “ते विमानातल्या जेवणाचं राहिलं बघ.” बायका हसल्या. रोदांथीही हसली, पण कान लाल झाले. त्या दिवशी अनेझिनाला झोप छान लागली. दिवेलागणीला मात्र रोदांथी न चुकता खोलीच्या कोपऱ्यात येऊन उभी राही आणि बहिणीच्या तोंडून नावं ऐके, झानिसपासून होडीपर्यंत. होडीनंतर जी शांतता पडे तीही ऐके. मग मुकाट्याने आईच्या घरी झोपायला जाई.

ऑगस्टच्या अखेरीस तिची परतीची बोट होती. सामान खाली गेलं, माणसं खाली गेली. अनेझिना तेलाची बाटली घेऊन कोनाड्यापाशी होती. तिला वाटलं होतं, रोदांथी बंदरावरूनच हात हलवेल, नेहमीसारखा, सगळ्या गावाला मिळून एक. पण ती चढण चढून वर आली, धापा टाकत. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“बोट सुटेल तुझी,” अनेझिना म्हणाली.

“सुटू दे. अनेझिना, नाव घे माझं. भर घालता येते, मी पाद्रीबाबांना विचारलंय. मला विमानात भीती वाटते गं. इतकी वर्षं जाते-येते, दर वेळी वाटते. समुद्रावर रात्र पडली की खाली काहीच दिसत नाही. आई होती तेव्हा माहीत असायचं, कुणीतरी घड्याळाकडे बघत बसलंय.”

हे तिने कुठल्याच बायकांना सांगितलं नव्हतं. अनेझिनाने बाटलीचं बूच घट्ट लावलं, परत उघडलं.

“बरं,” ती म्हणाली. “विमान पोचेपर्यंत घेईन. पुढचं पुढे बघू.”

“नक्की?”

“पोचलीस की फोन कर. त्या दिवसापासून बंद.”

खाली बोटीचा भोंगा वाजला. रोदांथीने डोळे पुसले, पायरी उतरली आणि वळून म्हणाली, “मग मी पोचल्याचं कळवणारच नाही.”

त्या संध्याकाळी अनेझिनाने दिवा लावला. झानिस, पोथितोस, मर्सिनी, आई, वडील, स्तामातिस, होडी. मग सगळ्यांत शेवटी, होडीच्याही नंतर, तिने ते नाव घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी घेतलं. तिसऱ्या संध्याकाळी सोफूला आली होती, ती म्हणाली, “पोचली असेल ना बिचारी? किती लांब ते.”

“काही कळलं नाही बाई,” अनेझिना म्हणाली.

चौथ्या दिवशी झानिसला राहवेना. “अगं, एक फोन कर. विमान कधीच उतरलं असेल.”

“तिने करायचा असं ठरलंय.”

“आणि तिने केलाच नाही तर?”

अनेझिनाने वात पुढे सरकवली, काडी ओढली. “तू गप्प बस जरा,” ती म्हणाली. “मला नावं घेऊ दे.”